पाटावरची बॅटरी

अन्याय झाला तो आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या वहिनींवर. कधी झाला तेही सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी "असं काही झालंच नव्हतं" म्हणायला नको. खंडेनवमीच्या दुपारी, मुलाखत चालू असताना, लॅपटॉपसमोर बसून त्या 'ळ' हे अक्षर शिकवून दाखवत होत्या. 'बाळ' म्हणाल्या आणि पडदा काळा झाला. ज्या बॅटरीच्या जोरावर तो पडदा चालू राहिला असता, ती त्या वेळी खाली देवघरात पाटावर बसली होती. तिच्यावर झेंडूचं फूल होतं.

पत्रकं लिहायला शिकले तेव्हा पहिली गोष्ट हीच शिकले. कुणाचं काय गेलं ते वरती सांगायचं, रडगाणं खाली.

वहिनी कराडकडच्या. त्यांचे मिस्टर फौजेत, आधी झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत होते. तिथून त्यांची बदली अशा ठिकाणी झाली जिथे बायको नेता येत नाही. सासरहून लगेच निरोप आला, की आता इकडेच या. वहिनींना जायचं नव्हतं. बी.एड. झालेलं, शिकवायची हौस, आणि सासरी गेलं की चूल आणि जनावरं यांच्यापलीकडे कुणी बघू देणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मग कुणाच्या तरी ओळखीनं झाशीत, खंडेराव गेटजवळच्या आमच्या घराची वरची खोली त्यांनी घेतली. सासऱ्यांनी फोनवर अट घातली: "नोकरी लागली तर राहा. रिकामी बसणार असशील तर इथे येऊन बस." एवढं त्या खोलीचं आणि त्या नोकरीचं नातं. नोकरी मिळाली तर खोली, नाही तर कराडची गाडी.

आम्ही इथले जुने. आमचा कुणी पूर्वज तलवार घेऊन बुंदेलखंडात आला आणि परत गेलाच नाही. आमच्या पिढीची मराठी म्हणजे स्वयंपाकघरात मराठी, जिन्यात हिंदी, गल्लीत बुंदेली. समजतं सगळं, बोलताना जीभ अडते. मी गल्लीतल्या बत्तीबद्दल, म्हणजे विजेबद्दल, नळाबद्दल पत्रकं काढायची ती हिंदीत; घरचे त्यांना पर्चे म्हणायचे. मराठी लिहायला मला वहिनींनी शिकवलं. माझा पहिला मराठी कागद वाचून त्या म्हणाल्या होत्या, "अगं, हे वाक्य हिंदीच आहे, तू त्याला नुसतं लुगडं नेसवलंयस." आज हे जे वाचताय ते त्यांनी शिकवलेल्या मराठीत आहे. यात चूक सापडली तर ती माझी.

संध्याकाळी त्यांच्या खोलीत फौजींची आणि आमच्यासारख्यांची आठ-दहा पोरं बसायची. बाराखडी, गोष्टी, भांडणं. थोरले काका, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ आणि आमच्या घरातला शेवटचा शब्द, जिन्याखाली खुर्ची टाकून ऐकायचे. आल्यागेल्याला अभिमानानं सांगायचे, "ऊपर देखिए, हमारे यहाँ मराठी की क्लास चलती है." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागेल.

मग पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात आली. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मुलांना घरबसल्या, लॅपटॉपवरून मराठी शिकवायला बाई हवी. वहिनींसाठीच कुणी लिहिली असावी अशी.

लॅपटॉप त्यांच्याकडे होता. तेव्हा ते छोटे लॅपटॉप निघाले होते, नेटबुक म्हणायचे, पाटीएवढे. मिस्टरांनी फौजेच्या कॅन्टीनमधून घेऊन दिलेला. काम चांगलं करायचा, पण त्याच्या आतल्या बॅटरीचा जीव गेला होता. इंटरनेटसाठी डोंगल लावलं की जेमतेम पाऊण तास. आणि आमच्या गल्लीत बत्ती कशी जाते ते झाशीत राहणाऱ्याला सांगायला नको. पेपरात वेळापत्रक छापून यायचं, आणि बत्ती त्या वेळापत्रकाच्या आधी आणि नंतरही जायची. खालच्या मजल्यावर काकांचा इन्व्हर्टर होता. वरच्या मजल्याला त्याची वायर ओढलेली नव्हती. "वर कशाला हवंय, वर हवा येते," हे काकांचं विज्ञान.

म्हणून मिस्टरांनी बाहेरची बॅटरी पाठवली. सुट्टीवर निघालेल्या एका जवानानं ती दिल्लीहून आणली आणि गाडी झाशीला थांबली तेव्हा खिडकीतून वहिनींच्या हातात दिली. मी सोबत होते. जाडजूड पुस्तकाएवढी, काळी, हातात घेतली की मनगट खाली जाईल अशी जड. एका बाजूला चार हिरवे दिवे, किती भरली आहे ते दाखवायला. सोबत पिशवीभर पिना, ज्याचा जसा लॅपटॉप तशी पिन. आणि व्होल्ट निवडायचं एक छोटं बटण. ते चुकलं तर लॅपटॉप जळणार, म्हणून वहिनींनी योग्य खुणेवर सरकवून वरून चिकटपट्टी मारून टाकली.

त्यांनी वापरायची रीतही बसवली होती. आधी बाहेरची संपवायची, मग आतली. म्हणजे शेवटच्या पाऊण तासाला धक्का नाही. लॅपटॉपचा उजेड कमी, आवाज कानातल्या इअरफोनमधून, नको ते सगळं बंद. अशा रीतीनं तो पाटीएवढा लॅपटॉप चार-साडेचार तास चालायचा. मला तेव्हाही राग यायचा, आजही येतो. नळाला पाणी नाही म्हणून बायकांनी डोक्यावर हंडे वाहिले. आता तारेत वीज नाही म्हणून तीही पिशवीतून वाहायची, आणि वर "काय सोय झाली आहे बघा" म्हणायचं. मी तसं पत्रकही काढलं. शेजारच्या काकू ते वाचून म्हणाल्या, "काए बिन्नू, सब ठीक लिखो है, पर बत्ती तो फिर भी चली गई."

बॅटरी भरायची मात्र खाली. वरच्या मजल्यावर व्होल्टेज इतकं कमी यायचं की दिवेच लागायचे नाहीत. रात्री वहिनी ती आमच्या घरातल्या बोळातल्या सॉकेटला लावून जायच्या, सकाळी उचलायच्या. काकांनी परवानगी दिली होती.

मुलाखत ठरली ती नेमकी नवमीला. पुण्याच्या माणसांना तो सुट्टीचा दिवस वाटला नाही, वहिनींनाही वाटला नाही. आदल्या रात्री त्यांनी बॅटरी लावली. रात्री बत्ती दोनदा गेली, पहाटे आली. म्हणजे बॅटरी भरायला खरा वेळ पहाटेपासूनच मिळणार होता.

आता आमच्या घरची नवमी सांगते. खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा सगळीकडे होते. आमच्याकडे ती जरा जास्त होते. पूर्वजाची ती तलवार निघते, तिचं म्यान कधीचंच गेलंय, पातं गंजून पापड झालंय. काकांचा रेल्वेतला जुना पाना, आईची विळी, शिलाईचं मशीन, माझे पेन. सगळं पाटावर. आणि एकदा पाटावर ठेवलं की दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. त्या दिवशी आई भाजी चिरत नाही, आदल्या दिवशी चिरून ठेवते.

काका पहाटे उठले. बोळात काळी पेटी दिसली, वरती हिरवा दिवा. त्यांनी पिन उपटली, पेटी पुसली, पाटावर ठेवली. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडू. शेजारी तलवार.

नऊ वाजता वहिनी खाली आल्या. बोळात वायर लोंबत होती. देवघराच्या दारात त्या थांबल्या. मी आत फुलं निवडत होते.

"काका," त्या म्हणाल्या, "आरती झाली का?"

"झाली की. प्रसाद घ्या."

"मग माझी बॅटरी घेऊ? आज दुपारी मुलाखत आहे."

"आज कसं घेणार? उद्या."

"आमच्याकडे आरती झाली की उचलतात. ट्रॅक्टरसुद्धा पूजा झाली की शेतात नेतात."

"तिकडे सगळं सैल झालंय, सूनबाई," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुकच होतं, स्वतःचं. "आम्ही इथे इतकी वर्षं परमुलखात राहून जसंच्या तसं ठेवलंय. यंत्राला वर्षातून एक दिवस विश्रांती. एक दिवस काम थांबलं तर काय होतं?"

 मी बोलले. म्हटलं, "काका, ती वस्तू त्यांची आहे. त्यांना विचारलं होतं का?"

"देवाला ठेवायला विचारतात होय?"

"दुसऱ्याची वस्तू ठेवायची असेल तर विचारतात."

"देखो, पर्चा शुरू," काका आईकडे बघून म्हणाले. आईनं माझा दंड धरला. मी उठून पेटी उचलणारच होते, पण वहिनींनीच मला जिन्यात ओढलं. हळू आवाजात म्हणाल्या, "नको गं. आज भांडलीस तर उद्या मला खोली सोड म्हणतील. मुलाखत अर्ध्या तासाची आहे. आतली पुरेल."

हिशेब बरोबर होता. अर्धा तास मुलाखत, पाऊण तास बॅटरी. त्यांनी आमच्या गल्लीचा हिशेब धरला, मुलाखत घेणाऱ्यांचा धरला नाही.

अकराला बत्ती गेली. खाली इन्व्हर्टर घूं करून चालू झाला. त्यालाही सकाळी हळदकुंकू लागलेलं होतं, त्याच्या गळ्यात तर हारच होता. तोही यंत्रच. त्याला विश्रांती देण्याचं कुणाच्या मनात आलं नाही. नवमीच्या जेवणाला काकांचे पाच-सहा मित्र येऊन बसले होते, सगळे आमच्यासारखे जुने मराठी. दोन पंखे आणि टीव्ही चालू. मी जाऊन म्हटलं, वहिनींना खाली बसू द्या, त्यांचा लॅपटॉप इन्व्हर्टरला लावते.

"लोड येईल," काका म्हणाले.

"टीव्ही बंद करा मग."

"मॅच आहे, बेटा," एक पाहुणे म्हणाले. बाकीचे हसले.

आणि स्कूटर. ती सांगायलाच हवी. काकांच्या स्कूटरच्या हँडलला आंब्याची पानं बांधलेली, पुढच्या चाकाखाली लिंबू. पूजा झालेली. तिच्यावर बसून काका साडेअकराला दही आणायला गेले आणि आले. मी दारातच विचारलं, "ही चालते?"

"वाहनाला चालतं," काका म्हणाले. "शास्त्र आहे."

शास्त्र कुठे लिहिलंय ते मी विचारलं नाही, कारण मला कळलं होतं. पुरुषांच्या बुडाखाली जे आहे ते चालतं. बाईच्या हातात जे आहे त्याला विश्रांती.

बाराला वहिनी पलंगावर पाय दुमडून बसल्या, लॅपटॉप पुढ्यातल्या एका पाटावर, मागे त्यांनी स्वतः काढलेला अक्षरांचा तक्ता. बाहेरून जवारे, म्हणजे नवरात्रात उगवलेले धान्याचे कोंब, घेऊन बायका ते सोडायला लक्ष्मी तालाकडे, गावच्या तळ्याकडे, निघाल्या होत्या, ढोल वाजत होता, म्हणून खिडक्या बंद. वहिनी घाम पदरानं टिपत होत्या. मी पडद्यात दिसणार नाही अशी भिंतीला टेकून. समोरून एक बाई दिसल्या, म्हणाल्या, "सर येताहेत, जोडलेल्याच राहा." आणि आम्ही जोडलेल्या राहिलो. डोंगलचा निळा दिवा लुकलुकत होता, आतली बॅटरी गळत होती, आणि सर येत होते. वीस मिनिटांनी आले. माफीबिफी काही नाही. वेळ त्यांचा होता, वीज आमची होती.

मुलाखत मात्र वहिनींनी जिंकली होती. हे मी भाबडेपणानं म्हणत नाही, मी समोर होते. सर मराठीतून काहीबाही विचारत होते आणि वहिनी अशी उत्तरं देत होत्या की ते दोनदा मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "हिंदी बोलणाऱ्या मुलाला तुम्ही ळ कसा शिकवाल? दाखवा." वहिनींचा चेहरा उजळला. हे तर त्या माझ्यावरच करून बसल्या होत्या. "जीभ अशी मागे वळवायची," त्या म्हणाल्या, "टाळूला लावायची आणि सोडून द्यायची. आता म्हणा, बाळ…"

काळा पडदा. त्यात त्यांचाच चेहरा, जीभ अजून टाळूला.

मी जिना कसा उतरले आठवत नाही. पाहुण्यांच्या पानांमधून देवघरात गेले आणि पाटावरची पेटी उचलली. फूल खाली पडलं. कुणीतरी "अरे, अरे" म्हणालं. काका पानावरून अर्धे उठले. मी थांबले नाही. वर नेऊन पिन लावायला गेले तर भोकात कुंकू भरलेलं. वहिनींनी केसातल्या आकड्यानं ते कोरून काढलं. चार दिव्यांपैकी एकच लागला. पहाटे उपटली होती ना, भरणार कशी? तरी एका दिव्यावर लॅपटॉप उठला. पण ते छोटे लॅपटॉप उठायला किती वेळ घ्यायचे ते ज्यांनी वापरले त्यांना माहीत आहे. मग डोंगल जागं झालं. मग जोडणी. पलीकडे कुणी नव्हतं.

वहिनींनी मोबाइलवरून फोन लावला. मगाचच्याच बाई बोलल्या, गोड आवाजात. "मॅडम, तुमचं शिकवणं सरांना आवडलं. पण जिथे विजेची खात्री नाही तिथून रोजचे वर्ग कसे घेणार? स्वतःची काही सोय नाही का तुमच्याकडे?"

वहिनींच्या मांडीवर ती सोय होती. हळदीचे ठसे उमटलेली.

"आहे," वहिनी म्हणाल्या, "पण आज नव्हती."

या बाईंनाही मी सोडणार नाही. पुण्यात एसीत बसून झाशीच्या मास्तरणीला वीस मिनिटं ताटकळत ठेवायचं आणि मग विजेचं खापर तिच्याच डोक्यावर फोडायचं. वीज देणारे वेगळे, अडवणारे वेगळे, पण जाब एकटीनं द्यायचा.

संध्याकाळी आई कुजबुजली, काका तुझ्यावर फार चिडलेत, माफी माग. मी म्हटलं, कशाची? पाटाचा अपमान झाला म्हणे. एका बाईची नोकरी गेली त्याला काय म्हणतात ते मात्र कुणाच्या शब्दकोशात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमचे सगळे जुने मराठी लोक सीमोल्लंघन म्हणून लक्ष्मी तालापर्यंत जातात, महालक्ष्मीला नमस्कार करतात, आणि तिथेच सोनं वाटतात. आपटा इथे सहज मिळत नाही, आम्ही कचनारची, म्हणजे कांचनाची पानं घेतो. काकांनी वहिनींच्या हातावर पान ठेवलं, "सोन्यासारख्या राहा" म्हणाले. वहिनी वाकल्या. वाकायच्याच. मला पान देताना काकांचा हात क्षणभर थांबला, पण दिलं.

मग दरवर्षीप्रमाणे भाषण. "आपली भाषा या मुलखात टिकली पाहिजे. मुलं मराठी विसरत चालली आहेत. आमच्या घरी वर क्लास चालते…"

मी उठले. म्हटलं, "काका, एकच विचारते. काल आपला इन्व्हर्टर चालू होता की बंद?"

 मग कालचेच एक पाहुणे हसले, "अरे भाई, बिटिया ने पॉइंट पकड़ लिया."

"घरात पाहुणे होते," काका म्हणाले. "उकाड्यात बसवायचं का त्यांना?"

"आणि वहिनींच्या घरात नोकरी आली होती."

कुणी हसलं नाही.  बायका पानं सारखी करू लागल्या. वहिनींनी मागून माझी ओढणी ओढली आणि मी बसले. परत येताना त्या एवढंच म्हणाल्या, "'चालू होता की बंद' हे बरोबर विचारलंस. छोटं वाक्य होतं." मास्तरीण शेवटपर्यंत मास्तरीण.

संस्थेचं पुन्हा काही आलं नाही. वहिनींनी आणखी दोन ठिकाणी लिहिलं, तिथूनही काही नाही. सासऱ्यांचा फोन आला, अटीची आठवण. थंडी पडायच्या आत त्यांनी खोली सोडली. स्टेशनवर मीच गेले होते. लॅपटॉप त्यांनी पिशवीत घेतला आणि बॅटरी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "तिकडे गोठ्यात कशाला हवी? तुझी पत्रकं लिही." मी नको म्हटलं. गाडी हलली, बॅटरी माझ्याकडेच राहिली. वर क्लास बंद झाली. काका अजून आल्यागेल्याला सांगतात, "हमारे यहाँ क्लास चलती थी." चलती थी. कुणी बंद केली ते वाक्यात येत नाही.

तर आता तुम्ही. तुमच्या घरातही एक वरची खोली असेल, मागची असेल, जिन्याखालची असेल, जिथे कुणी बाई गुडघ्यावर लॅपटॉप घेऊन काम करते आणि तुम्ही त्याला तिचा वेळ जाणं म्हणता. इन्व्हर्टरची एक वायर तिथपर्यंत ओढा. बघू, पुढच्या महिन्यात, असं म्हणू नका, या आठवड्यात मिस्त्री बोलवा. आणि या नवमीला पाटावर काही ठेवायच्या आधी ज्याची वस्तू आहे त्याच्यासमोर उभं राहून विचारा, आज तुझं काम आहे का. असेल, तर वस्तू त्याच्या हातात द्या. देवघरातून उचलावी लागली तरी द्या.